तानसेनचा दवाखाना, बुटवलचं वर्कशॉप



गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांचं काय करायचं, यावर आपल्या सेवा समितीच्या यंदा तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत साबुदाण्याची खिचडी संपली तरी वाद संपला नव्हता. मूळ दुखणं जुनं आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही मावळातल्या एका गावच्या शाळेला कॉम्प्युटर पाठवले होते, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. फोटो आले, हार-नारळ झाले, आपल्या अंकात कौतुकही छापून आलं. पुढच्या पावसाळ्यात विजेच्या चढउतारात दोन यूपीएस जळले, मग एकेक करत सगळे कॉम्प्युटर बंद पडले. आता ते कापडाखाली झाकलेले असतात आणि दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहतात म्हणे! शाळेची त्यात काहीच चूक नाही. आम्ही सगळे एकजात आयटीवाले, पण त्या गावात बिघडलेलं यंत्र उघडून बघणारं कोण आहे, हे विचारायचं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

तर त्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, "मिशनरी लोक बघा. गावात जाऊन राहतात, वर्षानुवर्षं राहतात. आपण नुसते चेक फाडतो." लगेच दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आलं, "राहतात हो, पण कशासाठी राहतात ते पण सांगा की!" झालं. पुढचा अर्धा तास धर्मांतरावर गेला आणि निधी राहिला बाजूला.

आमच्यापैकी तीन कुटुंबं मागच्या हिवाळ्यात नेपाळला गेली होती. लुंबिनी बघून आम्ही गाडीनं पोखराला निघालो. या सिद्धार्थ राजमार्गावर आधी बुटवल लागतं, मग डोंगर चढून पाल्पा जिल्ह्याचं तानसेन, मग स्यांग्जा जिल्हा. आम्हाला हिमशिखरं बघायची घाई होती, पण वाटेत जे दिसलं आणि घरी येऊन त्याबद्दल जे वाचलं, त्यात आपल्या बैठकीतल्या दोन्ही कोपऱ्यांसाठी काहीतरी आहे असं आम्हाला वाटतं. म्हणून हा लेख.

सुरुवात नागपुरात

नेपाळमध्ये १९५१ सालापर्यंत राणांची राजवट होती आणि बाहेरच्या माणसाला आत शिरणं जवळजवळ अशक्य होतं. मिशनऱ्यांना तर मुळीच प्रवेश नव्हता. ते कित्येक वर्षं सीमेवर रक्सौल, नौतनवा अशा गावांत दवाखाने थाटून दार उघडायची वाट बघत बसले होते.

दार उघडलं ते पक्ष्यांमुळे. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत रॉबर्ट फ्लेमिंग नावाचे अमेरिकन शिक्षक होते आणि त्यांना पक्ष्यांचा नाद. १९४९ साली पक्ष्यांचे नमुने गोळा करायची परवानगी मिळवून ते डॉ. कार्ल टेलर यांच्याबरोबर नेपाळच्या डोंगरात गेले. १९५१-५२ च्या हिवाळ्यात ते पुन्हा तानसेनला गेले. या वेळी बरोबर त्यांच्या डॉक्टर पत्नी बेथेल आणि डॉ. कार्ल फ्रेडरिक्स होते. पक्षी बघणं एकीकडे आणि रोग्यांची रांग दुसरीकडे, असे काही आठवडे गेले. त्या अख्ख्या मुलखात आधुनिक दवाखाना नव्हता. आजारी माणसाला डोक्यात, म्हणजे पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत बसवून (नेपाळीत त्या टोपलीला 'डोको' म्हणतात), दिवसेंदिवस चालत खाली मैदानात न्यावं लागे. तानसेनच्या प्रतिष्ठित मंडळींनी विनंती केली की इथे कायमचा दवाखाना काढा. फ्लेमिंगनी सरकारकडे अर्ज केला आणि १९५३ मध्ये परवानगी आली. तानसेनला इस्पितळ आणि काठमांडूत बायका-मुलांसाठी दवाखाने काढायचे, खर्च मिशननं करायचा, नेपाळी माणसं शिकवून तयार करायची, आणि पाच वर्षांनी सगळं सरकारच्या हवाली करायचं!

आता आपल्याला अभिमान वाटावा असा तपशील. हे काम एका पंथाच्या मिशननं न करता सगळ्यांनी मिळून करायचं ठरलं, आणि त्यासाठी ५ मार्च १९५४ रोजी आठ मिशनांचे प्रतिनिधी जमले ते नागपुरात. 'युनायटेड मिशन टू नेपाळ' या संस्थेचा जन्म आपल्या संत्र्यांच्या गावचा आहे. आमच्यातला नागपूरकर तेव्हापासून जरा जास्तच ताठ चालतो.

कार्ल टेलर यांचा महाराष्ट्राशी आणखी एक धागा आहे. ते पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक झाले. तिथे त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) आपलं काम सुरू केलं. गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका करणारं जामखेड आपल्यापैकी बहुतेकांनी निदान ऐकलेलं असेल.

आणि धर्मांतर?

तो प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. नेपाळ तेव्हा हिंदू राज्य होतं आणि तिथे धर्म बदलणं, बदलायला लावणं कायद्यानं गुन्हा होता. सरकारबरोबरच्या करारांत मिशननं लिहून दिलं होतं की आम्ही धर्मप्रसार करणार नाही, ठरलेल्या कामापलीकडे जाणार नाही. करार दर काही वर्षांनी नव्यानं व्हायचा, म्हणजे शब्द मोडला तर सामान आवरावं लागणार.

परदेशी लोकांनी हा शब्द मोठ्या प्रमाणावर पाळला. पण त्यांच्या आजूबाजूला नेपाळी ख्रिस्ती माणसं होती, त्यातली बरीच दार्जिलिंगकडून आलेली, आणि त्यांनी आपापली प्रार्थनाघरं उभी केली. तानसेनमध्येच १९६० च्या सुमारास बाप्तिस्मा घेतल्याबद्दल आणि दिल्याबद्दल नेपाळी माणसं तुरुंगात गेली. शिक्षा भोगली ती गावच्या माणसांनी, गोऱ्या डॉक्टरांनी नव्हे. ही गोष्ट आम्हाला बोचते आणि तुम्हालाही बोचावी. १९९० च्या लोकशाही आंदोलनानंतर चर्च झपाट्यानं वाढलं. तरी २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या १.७६ टक्के आहे. २००६ मध्ये देश धर्मनिरपेक्ष जाहीर झाला आणि २०१५ च्या राज्यघटनेनं ते कायम ठेवलं, पण दुसऱ्याचा धर्म बदलणं आजही बेकायदा आहे.

यातून ज्याला जो निष्कर्ष काढायचा तो त्यानं काढावा. आमचं मत विचाराल तर, मनात श्रद्धा ठेवून आलेला माणूस ती दारात चपलेसारखी काढून ठेवतो असं मानणं भाबडेपणाचं आहे. आणि तानसेनच्या इस्पितळात हर्निया किंवा बाळंतपणासाठी आलेल्या हजारो हिंदूंना फसवून आणलं असं मानणं हा त्यांच्या अकलेचा अपमान आहे. ते दुखत होतं म्हणून आले आणि बरे होऊन घरी गेले. आपल्याकडे मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कोणाची आजी, कोणाचा काका जाऊन आलेला नाही?

इंजिनियर येतो

आम्हाला खरी गोडी लागली ती इथून पुढे. १९५८ मध्ये ऑड हॉफ्टन नावाचा नॉर्वेजियन इलेक्ट्रिकल इंजिनियर तानसेनला आला, इस्पितळाची इमारत बांधायला. तेव्हा हा रस्ता नव्हता. बुटवलपासून वर सगळं सामान माणसांच्या पाठीवरून जायचं. सिमेंट, लोखंड, पाइप, सगळं! त्याहून मोठी अडचण अशी की नकाशा वाचून काम करणारा गवंडी, प्लंबर, वायरमन तिथे मिळत नव्हता. मग बांधता बांधता शिकवणं आलंच.

इमारत झाली. आमच्यासारखा असता तर फोटो काढून परत गेला असता. हॉफ्टनच्या डोक्यात मात्र भलताच हिशोब सुरू झाला होता. दवाखाना बाहेरच्या पैशावर आणि बाहेरच्या माणसांवर चालणार. या देशाला स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर कारखाने हवेत, कारखान्यांना कारागीर हवेत आणि कारागीर कुठेच तयार होत नाहीत. म्हणून १९६३ मध्ये डोंगराच्या पायथ्याशी बुटवलला 'बुटवल टेक्निकल इन्स्टिट्यूट' सुरू झालं. नॉर्वेहून यंत्रसामग्री आली आणि आसपासच्या गावांतली मुलं शिकायला आली.

आपल्या आयटीआयपेक्षा तिथली पद्धत वेगळी होती. मुलगा पहिल्यापासून उमेदवार कामगार म्हणून वर्कशॉपमध्ये उभा राहायचा आणि खऱ्या गिऱ्हाइकाचं खरं काम करायचा. खिडक्या-दारं, फर्निचर, लोखंडी काम, मोटारदुरुस्ती, वायरिंग. थिअरीचे तास त्याच्या जोडीला. विकलेल्या मालाच्या पैशातून शिक्षणाचा खर्च निघायचा. काम फसलं तर गिऱ्हाईक शिव्या देणार, हा धडा कुठल्याच परीक्षेत मिळत नाही. (आमच्या इंजिनियरिंगच्या चार वर्षांत आम्ही वर्कशॉपला जे केलं त्याला 'जॉब' म्हणत, आणि तो सबमिशनच्या आदल्या रात्री सिनियरकडून आणलेला असे. असो!)

आमच्या ऑफिसात बुटवलचा एक सहकारी आहे. तिथे जाऊन आलो म्हटल्यावर तो म्हणाला, "माझ्या बाबांनी तिथेच लेथ शिकली." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि मी त्या लेथच्या पैशावर कॉम्प्युटर शिकलो."

एका कामातून दुसरं काम

वर्कशॉप चालवायला वीज हवी आणि बुटवलमध्ये ती नव्हती. गावाला लागून तिनाऊ नदी वाहते. तेव्हा १९६५ च्या शेवटी 'बुटवल पॉवर कंपनी' स्थापन झाली. कंपनी, मिशनचा विभाग नव्हे! हॉफ्टनचा यावर कटाक्ष होता. ट्रस्ट दानशूरांच्या मर्जीवर चालतो, कंपनीला हिशोब द्यावा लागतो आणि ती उद्या नेपाळ्यांच्या हाती देता येते.

तिनाऊवरचा पहिला टप्पा १९७० मध्ये सुरू झाला. किती वीज? ५० किलोवॉट. आपल्या गल्लीतल्या मोजक्या घरांचे एसी एकदम लावले तर ती संपेल. पूर्ण १ मेगावॉटचं केंद्र व्हायला १९७८ उजाडलं. डोंगरातले बोगदे बहुतांशी माणसांच्या हातांनी खणले. वीस वर्षं एका ठिकाणी राहून १ मेगावॉट म्हणजे आपल्या मॅनेजरच्या भाषेत शुद्ध फेल्युअर. पण एवढ्या काळात बोगदा कसा खणायचा, हे माहीत असलेली नेपाळी माणसांची एक फौज तयार झाली होती. तिच्यातूनच १९७८ मध्ये 'हिमाल हायड्रो' ही बांधकाम कंपनी निघाली. टर्बाइन, पाइप, गेट बनवायला आणि दुरुस्त करायला १९८५ मध्ये 'नेपाळ हायड्रो अँड इलेक्ट्रिक' निघाली. मग स्यांग्जातल्या आंधीखोलाचं ५.१ मेगावॉट (१९९१), प्यूठानमधल्या झिमरुकचं १२ मेगावॉट (१९९४) आणि खिम्तीचं ६० मेगावॉट (२०००). दरवेळी थोडं मोठं काम, आणि ते करणाऱ्यांत आधीच्या कामावर शिकलेली माणसं.

आंधीखोला

तानसेन सोडून पोखराकडे निघालं की गल्याङ नावाचं बाजारगाव लागतं. याच भागात आंधीखोलाचा प्रकल्प आहे. भूगोल मोठा गमतीचा आहे. आंधीखोला आणि काली गंडकी या दोन नद्यांच्या मधे एक डोंगर, आणि त्यांच्या पातळीत सुमारे २५० मीटरचा फरक. मग डोंगरात तितकी खोल उभी विहीर खणायची, तिच्या तळाशी वीजघर बसवायचं आणि पाणी वरून सोडून पलीकडे काली गंडकीत काढून द्यायचं. टर्बाइन नॉर्वेमध्ये वापरून झालेली जुनी आणली. श्रीमंत देशात भंगारात निघणारं यंत्र इथे अजून कित्येक वर्षं फिरणार होतं, कारण ते उघडून दुरुस्त करणारी माणसं बुटवलला होती. (आमच्या कॉम्प्युटरची आठवण आली ना? आम्हालाही आली.)

वीज घराघरात देताना आणखी एक डोकेबाज गोष्ट केली. डोंगरात विखुरलेल्या घरी महिन्याला मीटर वाचायला माणूस पाठवायचा तर बिलापेक्षा त्याचा पगार जास्त. म्हणून गरीब घरांना मीटरच नाही. २५ वॅटपासून पुढे, परवडेल तेवढी मर्यादा घ्यायची आणि महिन्याला ठरलेली रक्कम भरायची. मर्यादा पाळली जावी म्हणून लाइनमध्ये एक छोटा घटक बसवायचा. प्रवाह जास्त झाला की तो तापतो, तापला की त्याचा रोध वाढतो आणि दिवे विझतात. जास्तीचा दिवा बंद करून थोडं थांबलं की तो गार होतो आणि वीज परत येते. फ्यूज बदलायला कोणाला बोलवायला नको. पण अशानं वीज लागते फक्त संध्याकाळी आणि उरलेला दिवस यंत्रं रिकामी फिरतात. त्यावर उपाय म्हणून बुटवलच्याच तंत्रज्ञांनी 'बिजुली डेकची' तयार केली, म्हणजे अगदी कमी वॅटवर दिवसभर सावकाश तापणारं भांडं. लाकूडफाट्याची थोडी बचत आणि वीजघरालाही दिवसा काम.

सिंचनाची कल्पना मात्र ऐकून आम्ही चाटच पडलो. प्रकल्पाबरोबर कालवा काढायचा होता. कालव्याच्या पाण्यावर हक्क कोणाचा? सगळीकडे ज्याची जमीन त्याचा. इथे ठरलं की पाण्याचे शेअर करायचे आणि कालव्यावर श्रम करणाऱ्या घराला ते द्यायचे, मग त्याला जमीन असो वा नसो. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत १९७२ च्या दुष्काळानंतर हेच तत्त्व मांडलं होतं, हे पुणेकर वाचकांना लगेच आठवेल.

कागदावर सुंदर वाटणाऱ्या या योजनेला प्रत्यक्षात फार वेळ लागला. मोठ्या जमीनदारांना ती पचायला जड गेली. वीज १९९१ मध्ये आली, कालव्याचं काम मात्र पुढे बरीच वर्षं रेंगाळलं. गावातल्या माणसांबरोबर काम करायचं म्हणजे गावातल्या भांडणांबरोबरही करायचं, आणि भांडणं काही प्रोजेक्ट प्लॅन बघून होत नाहीत.

बुटवलच्या मंडळींचं आम्हाला सगळ्यांत आवडलेलं काम या मोठ्या केंद्रांपेक्षा खूप लहान आहे. नेपाळी खेड्यात बायकांचा अर्धा दिवस ढिकीवर भात कांडण्यात आणि जाँतोवर दळण्यात जायचा. (जाँतो म्हणजे आपलं जातंच! शब्दसुद्धा सख्खा.) १९७० च्या दशकापासून बुटवलला ओढ्यावर बसणाऱ्या लहान टर्बाइन बनू लागल्या. एका पट्ट्यावर भाताचं हलर, दुसऱ्यावर पिठाची गिरणी, तिसऱ्यावर तेलाची घाणी. गावातला एखादा माणूस कृषी विकास बँकेचं कर्ज काढून गिरणी टाकायचा आणि दळणाच्या पैशातून ते फेडायचा. पुढे काहींनी संध्याकाळी त्याच टर्बाइनला डायनॅमो जोडून चार घरांत दिवे लावले. यात देणगी घेणारा कोणी नव्हता. गिरणीवाला होता, गिऱ्हाईक होतं आणि टर्बाइन बिघडली तर ती नीट करणारा बुटवलचा फिटर होता.

सगळं गोडगोडच झालं असं नाही. २००२ मध्ये माओवाद्यांनी झिमरुकचं केंद्र उद्ध्वस्त केलं आणि ते पुन्हा उभं करावं लागलं. बुटवल पॉवर कंपनी सरकारच्या ताब्यात गेली आणि २००३ मध्ये सरकारनं तिचा मोठा हिस्सा खासगी मंडळींना विकला. आज तिचे शेअर नेपाळच्या बाजारात खरेदी-विक्रीला असतात. सेवेतून निघालेली कंपनी नफ्याच्या हाती गेली, म्हणून हळहळणारे लोक आहेत. आम्हाला तितकं वाईट वाटत नाही. २०१५ मध्ये आंधीखोलाची क्षमता वाढवून ९.४ मेगावॉट केली गेली, आणि ती वाढवायला कोणी मिशनरी लागला नाही.

हॉफ्टन कुटुंबानं याची स्वतःपुरती किंमतही मोजली. त्यांचा मुलगा मार्टिन नेपाळच्या राजकारणाचा अभ्यासक झाला होता. २८ सप्टेंबर १९९२ रोजी काठमांडूजवळ पाकिस्तानी विमान डोंगरावर आदळलं, त्यात तो गेला. काठमांडूतल्या 'मार्टिन चौतारी' या चर्चेच्या व्यासपीठाला त्याचं नाव आहे. चौतारी म्हणजे वाटसरूंनी ओझं टेकवायचा वडाखालचा पार.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मागच्या रविवारी आम्ही मावळातल्या त्या शाळेच्या सरांना फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काय पाठवू असं न विचारता, गावात मोटर, टीव्ही, मिक्सर कोण दुरुस्त करतं, असं विचारलं. सर आधी गोंधळले. मग म्हणाले, "एक पोरगा आहे आपला माजी विद्यार्थी. दहावीनंतर शाळा सोडली. तालुक्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे त्याचं. तुमचे कॉम्प्युटर बघायला आला होता एकदा, पण उघडायला घाबरला. म्हणाला, अमेरिकेच्या लोकांचं आहे, काही झालं तर?"

त्या मुलाचा नंबर आता आमच्याकडे आहे. त्याच्याशी बोलून काय खर्च येईल ते आम्ही चौथ्या बैठकीत मांडू. बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, नेहमीच्या हॉलमध्ये, संध्याकाळी ५ वाजता. दोन्ही कोपऱ्यांनी यावं. खिचडी या वेळी दुप्पट करणार आहोत.

आपले,
सेवा समितीतली तीन इंजिनियर कुटुंबं